बावडीतली देवी आणि लाल नळी

रबराच्या नळीला चव असते. ज्यांना हे ठाऊक नाही ते सुखी लोक. त्यांनी सुखीच राहावं. मला ठाऊक आहे. आता इतकी वर्षं झाली, तरी कुणी माझ्यासमोर पाण्याखालच्या मौजा सांगायला लागलं, निळं पाणी, रंगीत मासे, पोवळी वगैरे सुरू झालं, की माझ्या जिभेच्या मुळाशी ती चव आधी हजर होते. अर्धी कार्बोलिक साबणाची, अर्धी सायकलच्या दुकानाची, आणि तिसरी अर्धी कशाची ते पुढे येईलच. तोवर जेवण उरकून घ्या.

तोंडात नळी धरून पाण्याखाली उतरलेला वऱ्हाडातला पहिला माणूस मी. हे फोकनाड नाही. माझ्याआधी कुणी उतरलं असेल तर त्यानं पुढे यावं, मी त्याच्या गळ्यात पडून रडेन. समुद्र आमच्यापासून इतका लांब, की आमच्या भूगोलाच्या मास्तरांनीही तो पाहिला नव्हता; पुस्तकात लिहिलंय म्हणून भिडेखातर शिकवत. साठ सालाच्या अलीकडे-पलीकडे आम्ही अमरावतीत कॉलेजात होतो, आणि पाणी म्हणजे आम्हांला नळाची करंगळीएवढी धार, तीही रांगेत उभं राहून.

आम्ही चौघं. मी वकिलाचा मुलगा, म्हणजे बोलण्यापुरता शूर. दुसरा कंपाउंडर. कंपाउंडर खरे त्याचे वडील, एका दवाखान्यात. पण बाटल्यांवरची लेबलं वाचून वाचून ह्यालाच इतके रोग पाठ झाले होते, की पदवी आम्ही त्याला देऊन टाकली. तिसरा पाटील, भातकुलीकडचा. घरची काळी जमीन, शेतात बांधीव विहीर, आणि तो त्या विहिरीत वरून उडी मारायचा तेव्हा पाणी उसळून दोन एकर रान भिजायचं असं सांगायचा. मी पुढे सांगताना चार करत असे. चौथा भटजी. वडील भिक्षुक, थोरला भाऊ नोकरीला परगावी, त्याची बायको, म्हणजे वहिनी, चारच महिन्यांपूर्वी अकोल्याहून लग्न होऊन घरात आलेली, आणि घरावर राज्य वडिलांच्या थोरल्या बहिणीचं, आत्याचं. भटजीला पोहता येत नव्हतं. त्यामुळे पाण्याचं खूळ सगळ्यांत जास्त त्याला.

खूळ आलं भज्यांच्या पुडीतून. भजी संपल्यावर हाताला कागद उरला, कुठल्याशा विलायती मासिकाचं पान. त्यावर एक गोरा माणूस पाण्याखाली, डोळ्यांवर काचेचा मोठा डोळा, तोंडातून नळी वर गेलेली, आणि भोवती मासे असे फिरताहेत जसे वरातीत पाहुणे. तेलानं कागद पारदर्शक झालेला. त्यामुळे गोरा खरंच ओला दिसत होता. भटजीनं तो कागद चाटून स्वच्छ केला आणि खिशात ठेवला. मला तेव्हाच किळस यायला हवी होती.

सामान आम्ही घरीच जमवलं. डोळ्यांवरची काच आमच्या पणजोबांच्या फोटोची. फ्रेमवाल्यानं ती गोल कापून दिली. पणजोबा पुढे उघडेच राहिले आणि त्यांच्या मिशीला कसर लागली. काचेच्या कडेला सायकलची ट्यूब, आणि फटीत डांबर. हे डोळ्यांवर बांधून काढलं की माणूस आठ दिवस वांदरासारखा दिसे. नाकात कापसाचे बोळे. वऱ्हाडात कापसाला काय तोटा! पण बोळे घालून आरशात पाहिलं, तर मला माझीच तिरडी दिसली.

राहिली नळी. ती कंपाउंडरनं आणली. लाल, लांब, जाडजूड.

"नवी हाये नं बे?" पाटलानं विचारलं.

"नवीच समज."

"समज म्हंजे?"

"उकळली आहे."

"नव्या नळीले कोनी उकळते काय?"

कंपाउंडर आभाळाकडे पाहू लागला. मग म्हणाला, "सात डाव उकळली बे. एनिम्याची आहे, पण सात डाव."

आम्ही तिघं तीन दिशांना थुंकलो. पण दुसरी नळी गावात नव्हती, आणि विज्ञानासाठी माणसं फासावर गेली आहेत, हे मीच कुठल्याशा वक्तृत्व स्पर्धेत ओरडून सांगितलं होतं. आम्ही ती आठव्यांदा उकळली. मग चिठ्ठ्या टाकल्या. पहिला मान माझा.

पितृपंधरवडा चालू होता. भटजीचे वडील त्या दिवसांत घरी कसे सापडणार? नांदगाव खंडेश्वरकडच्या खेड्यांत श्राद्धं लागलेली, सर्वपित्री अमावास्येला संध्याकाळी परत येणार. घरच्या देवांची पूजा मागे भटजीवर सोपवलेली. आम्ही पाटलाच्या विहिरीवर निघालो त्या सकाळी तिघं भटजीच्या दारात सायकलच्या घंट्या वाजवत उभे होतो. आतून आधी संथपणे मंत्र ऐकू येत होते. पहिल्या घंटेला मंत्र चालायला लागले, दुसरीला धावायला, आणि तिसरीला तर ते जिन्यावरून गडगडत आल्यासारखे आले. पाठोपाठ भटजी. हातात निर्माल्याचं गाठोडं, कपाळावर अर्धंच गंध. वाटेत जुन्या देवळामागे एक पायऱ्यांची बावडी होती. निर्माल्य पायदळी येऊ नये म्हणून अख्खी वस्ती त्या बावडीत नेऊन टाकत असे. भटजीनं सायकलच्या दांडीवर बसल्याबसल्याच गाठोडं भिरकावलं, आणि आम्ही पुढे.

पाटलाच्या विहिरीवर शास्त्राला जबर धक्का बसला. आमची कल्पना अशी, की नऊ हात नळी असली तर नऊ हात खोल जाता येतं. मी पुरुषभर खाली गेलो आणि छातीवर म्हैस बसली. साधी नव्हे, गाभण. ओढ ओढ ओढलं तरी हवा म्हणून येईना. आली ती फक्त चव. वर आलो तेव्हा माझा रंग पाटलाच्या मते वांग्याचा झाला होता. मग हळूहळू कळलं, की पाण्याच्या पाठीवर पालथं पडायचं, तोंड तेवढं हातभर आत. त्यापेक्षा खाली जायचं तर नळी सोडून, आपल्या दमावर.

मी वर येऊन तीन कासवं, एक नाग आणि हात-दीड हात लांब मासा पाहिल्याचं सांगितलं. खरं तर डांबर डोळ्यांत गेलं होतं. पण भटजीच्या कमरेला दोर बांधून आम्ही त्याला पालथा सोडला, तेव्हा तो इतका वेळ निश्चल राहिला, की कंपाउंडर म्हणाला, "गेला." ओढून वर काढला, तर चेहरा असा, जसा मुंजीतही नव्हता.

"अबे," तो म्हणाला, "खाली उजेड आहे! दगड दिसतात बे, एक-एक!"

पोहता न येणाऱ्या त्या पोराला आम्ही दिवसभर मग तसाच सोडून ठेवला, खुंट्याला वासरू बांधावं तसा.

तिसऱ्या दिवशी दुपारी भटजी माझ्या दारात आला. तोंड पांढरंफटक. बसेना, पाणी घेईना.

नवरात्र तोंडावर आलेलं, म्हणून वहिनीनं आदल्या दिवशी देव घासायला काढले होते. चिंच आणि राख घेऊन बसली, आणि देव मोजले तर कुलदेवीचा टाक नाही. टाक म्हणजे बोटभर चांदीचा पत्रा, त्यावर देवी ठोकून काढलेली. घटस्थापनेला तोच मांडायचा. घर धुंडाळलं, चुलीतली राख चाळली. आत्यानं शेवटी निकाल दिला: देवांना हात लावला हिनं, आणि देवी दिसेनाशी झाली, म्हणजे हिचाच पाय वाईट. लक्ष्मीच्या पावलानं आली म्हणता, कुलदेवी उठून गेली! घटस्थापनेच्या आत हिला अकोल्याला पाठवायची, आणि मग देवीनं हाक मारली तर परत आणायची.

"अन् देवी कुठं गेली?" मी विचारलं.

भटजीनं माझ्याकडे पाहिलं. सायकलच्या त्या घंट्या मलाही ऐकू आल्या. फुलं, बेल, दुर्वा, तुळस, सगळं एका हातानं गोळा करून त्यानं फडक्यात कोंबलं होतं, आणि गंधानं फुलांना चिकटलेली देवीही त्याच मुठीत गेली होती.

"मग सांग नं घरी."

"बाबा सोलून काढतील."

"अन् वहिनीले हाकलून देतात ते?"

तो खाली पाहत म्हणाला, "तिच्या वडिलांना कार्ड गेलं. मुलीस घेऊन जाणे म्हणून."

"कुणी लिहिलं?"

"आत्यानं सांगितलं."

"लिहिलं कुणी बे?"

"मी."

"अन् टाकलं?"

"मीच."

आयुष्यात मला नळीचीही इतकी किळस आली नव्हती, जितकी त्या क्षणी त्याची आली. सुवाच्य अक्षर होतं लेकाचं, शाळेत बक्षीस मिळालेलं. पण घंट्या वाजवणारा हात माझा होता. त्यामुळे मी त्याला फक्त दोन शिव्या दिल्या, आणि तिसरी स्वतःसाठी ठेवली.

बेत असा ठरला, की टाक बावडीतून काढायचा, देव्हाऱ्यामागच्या फटीत सरकवायचा, आणि "अरे, ही तर इथंच होती!" म्हणून भटजीनंच ओरडायचं. कुणाला काही कळणार नाही. दुसऱ्या दिवशी अमावास्या. संध्याकाळच्या आत व्हायला हवं होतं.

त्या बावडीचं वर्णन मी आजवर कुणाला जेवणाच्या पंगतीत करू शकलो नाही. पाणी दिसत नव्हतंच. वर हातभर जाडीची साय: झेंडू, बेल, हारांचे दोरे, फुटके नारळ, पंधरवड्यात कुणीकुणी सोडलेले पिंड, भिजून फुगून मुठीएवढे झालेले. ती साय मध्येच एखादा बुडबुडा सोडी, आणि मग सगळी बावडी ढेकर देई. एका नारळावर एक बेडूक बसलेला होता, एवढा म्हातारा आणि एवढा लठ्ठ, की नगरपालिकेच्या मतदारयादीत त्याचं नाव असणार. आम्ही आलो तरी तो उठला नाही. आमच्याकडेच त्यानं किळसवाण्या नजरेनं पाहिलं. वास तर असा, की कावळेसुद्धा बावडीला वळसा घालून जात होते.

"पाटला, तू उतर," मी म्हणालो. "तुले पोहता येते."

"मी कोनत्याबी हिरीत उडी मारतो भाऊ. पण हे पिंडाचं पानी हाये. कोनाचे आजे-पणजे जेवून राहिले तिथं, अन् मी मंधात जाऊ काय?"

कंपाउंडर बोटांवर मोजत होता. "पटकी, विषमज्वर, नारू, कावीळ, खरूज..."

"चूप बे!"

भटजी एकदम पुढे झाला आणि सदरा काढायला लागला. ह्याला पाण्यात सोडणं म्हणजे आणखी एक निर्माल्य टाकणं. तेवढ्यात माझ्या तोंडून निघून गेलं, "हट! मी पाण्याखाली उतरलेला वऱ्हाडातला पहिला माणूस आहे." माझ्या तोंडानं मला आयुष्यभर असंच खड्ड्यात घातलेलं आहे.

दोराचं टोक पाटलाकडे, नळीचं वरचं टोक कंपाउंडरकडे. मी बोळे घातले, काच बांधली, नळी दातांत धरली, आणि पायरीपायरीनं त्या सायीत शिरलो. ती गार नव्हती. गार असती तर चाललं असतं. ती कोमट होती, आजारी माणसाच्या अंथरुणासारखी. अंगाभोवती आली आणि मिटली. डोकं आत घातलं तसं सगळं काळं. भज्यांच्या कागदावरचा गोरा, त्याचे मासे, भटजीचा तो उजेड, सगळं संपलं. पणजोबांच्या काचेसमोर फक्त अंधार होता, आणि त्यात काहीतरी लोंबत होतं. हाराचा दोरा असेल असं मी मानलं. अजून मानतो.

बुडालेल्या पायऱ्या हातानं चाचपत गेलो. पहिल्या पायरीवर नारळ. धरला तसा तो हातात विरघळला. दुसऱ्या पायरीवर काही केसाळ. नारळाचीच शेंडी, असं तेही मी मानलं. तिसरीवर फडकं लागलं, गाठ मारलेलं. ओढलं, वर दिलं. पुन्हा गेलो. आणखी एक फडकं. आणखी एक. भटजीनं कोणतं टाकलं होतं ते कसं कळणार? गाठोड्याला गाठोडं चिकटलेलं. वस्तीतल्या सगळ्यांनी, दांडीवर बसून असो की पायी असो, त्याच बाजूनं भिरकावलं होतं.

आणि मग तिसरी अर्धी चव. वर पायरीवर पाटलानं पहिलं गाठोडं उघडलं होतं. त्याचा वास कंपाउंडरपर्यंत पोचला. कंपाउंडर नळीचं टोक हातात धरून वाकलेला होता. सात डाव उकळणाऱ्या त्या निर्जंतुक माणसाला ओकारी आली. आपण नळी वेळेत बाजूला धरली होती, असं त्यानं शपथेवर सांगितलं. मी पाण्याखाली होतो. मी शपथ घेत नाही. पण मला ठाऊक आहे.

त्यानंतर मी नळी फेकली आणि उरलेली गाठोडी दम धरून काढली. एकूण किती बुड्या मारल्या ते आठवत नाही. सांगताना मी एकवीस सांगतो.

गाठोडी उघडायचं काम आत जाण्यापेक्षा घाण होतं. फडकं सुटलं की आतून काळा लगदा सांडायचा, आणि त्याला आतून ऊब असायची. काड्यांनी उकरणं सुरू झालं. तेवढ्यात पाटील ओरडला, "सापडली!" आम्ही धावलो. मग कंपाउंडर ओरडला, "इथंबी आहे!" आणि मग माझ्याच काडीला चांदी लागली. अर्ध्या तासात पायरीवर तीन टाक, एक रांगता बाळकृष्ण आणि एक पितळी अन्नपूर्णा हारीनं मांडलेली. आमच्या भटजीला आम्ही उगाच एकटा गाढव समजत होतो. वस्तीत निदान पाच घरांनी पूजा उरकून देवच फेकले होते, आणि पाचही घरं गप्प बसली होती!

"आता तुमची कोणती ते उचल," मी भटजीला म्हणालो. अंगावरून माझ्या झेंडू गळत होता.

भटजी तिन्ही टाकांकडे पाहत राहिला. एकीला आठ हात, दुसरीला चार, तिसरीचे झिजलेले. हे घे, ते ठेव.

"काय झालं बे?"

"ओळखू येत नाही."

"रोज पूजा करतं नं तू?" पाटील म्हणाला. "देवीचं तोंड नाई पाह्यलं काय कधी?"

"फुलांनी झाकलेली असते ना!"

"अन् फुलं वाह्याच्या आंधी?"

मी त्या पोराला विहिरीच्या तळाचा एकेक दगड पाहून हरखलेला पाहिला होता. घरातल्या देव्हाऱ्यात त्यानं कधी तेवढं वाकून पाहिलंच नव्हतं.

कंपाउंडर म्हणाला, "तिन्ही सरकवून दे फटीत. एक तर निघेलच तुमची."

"अन् आत्या म्हणेल, सून गेली म्हणून दोन जास्तीच्या आल्या," मी म्हणालो. "मग तर वहिनी कायमचीच अकोल्यात."

वडील गावी नव्हते; देवीचा चेहरा घरात आणखी एकाच माणसाला नीट ठाऊक असणार. लग्न होऊन आल्यापासून दर सणाला जिनं तिला चिंच लावून, राख लावून, अंगठ्यानं घासलं, तिला. म्हणजे फटीचा बेत गेला. तिला विचारायचं तर सगळं सांगावं लागणार. भटजीनं तिन्ही टाक नळाखाली धुतले, धोतराच्या सोग्यात घेतले आणि चालू लागला. मी मागोमाग. त्यानं पळ काढू नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर काय होतं ते पाहायचंही होतं.

वहिनी मागच्या अंगणात होती. शेजारी तिची पत्र्याची पेटी, बांधून ठेवलेली. वय अठरा-एकोणीस. तिनं आधी माझ्याकडे पाहिलं, आणि पदर नाकाला लावला.

"भाऊजी, ह्यांना काय झालं?"

भटजीनं सोगा उघडला. "वहिनी, ह्यातली आपली कोणती?"

तिनं वाकून एकदाच पाहिलं. झिजलेला टाक उचलला आणि त्यावरून अंगठा फिरवला. "ही. नाकाशी सोनाराचा ठोका चुकलाय. नथ घातल्यासारखी दिसते." मग तिनं विचारलं, "कुठं होती?"

"बावडीत. मी टाकली. निर्माल्यात."

"केव्हा?"

"देव घासायला काढले त्याच्या आदल्या सकाळी."

"म्हणजे कार्ड लिहिलंत तेव्हा ठाऊक होतं?"

भटजी म्हणाला, "होतं."

ती रडेल असं मला वाटलं होतं. तिनं टाक पदराला पुसला, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, "आत्यांना तुम्ही सांगता, की मी सांगू?"

सांगायची वेळच आली नाही. माझा वास भिंती ओलांडून माजघरात पोचला होता, आणि पाठोपाठ आत्या बाहेर. "कोण मेलं रे? काय आणलं अंगणात?" भटजीनं डोळे मिटले आणि एका दमात सगळं सांगून टाकलं, घंट्यांपासून बावडीपर्यंत, पूजेतले मंत्रही त्यानं इतके स्पष्ट कधी म्हटले नसतील. आत्यानं ऐकून घेतलं. तिनं त्याला मारलं नाही, वहिनीला काही म्हटलं नाही. माणूस चुकला की ज्याच्यावर ओरडता येईल असा तिसरा शोधतो. तिनं मला पाहिलं.

"पिंडाच्या पाण्यात बुडून आला हा? अन् माझ्या तुळशीपाशी उभा? शिवू नको कशाला! पंचगव्य घेतल्याशिवाय हलायचं नाही तिथून!"

पंचगव्यात दूध, दही, तूप असतं असं लोक सांगतात. असेल. आत्याच्या हाताला तिन्ही कमी पडत आणि उरलेली दोन सढळ. ती वाटी मी तुळशीसमोर उभा राहून प्यायलो, आणि देवाशपथ सांगतो, नळीच्या चवीपुढे ती मला खिरीसारखी लागली. बाहेर कोपऱ्यावर जाऊन ओकलो तो निव्वळ सवयीनं.

संध्याकाळी वडील आले. त्यांनी भटजीला सोललं नाही. म्हणाले, "नवरात्रात पूजा तूच करायची. फूल वाहण्याआधी देवी कशी दिसते ते रोज सूनबाईंना सांगायचं. चुकलास तर फूल नाही, अन् जेवण नाही." पहिले दोन दिवस तो उपाशी राहिला असं मी सांगतो. खरं म्हणजे एकच दिवस.

अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी, घट बसायच्या आत अकोल्याहून वहिनीचे वडील मोटारीनं येऊन दारात उभे. हातात छत्री आणि ते कार्ड. चेहऱ्यावर असं काही, की माझ्यासारखा बोलभांडही रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. वहिनी बाहेर आली, त्यांच्या हातातून कार्ड घेतलं आणि म्हणाली, "बाबा, आलात ते बरं झालं. जेवून जा. मी येऊन नाही राहिली. आज घरी देवी बसते."

उरलेले दोन टाक, बाळकृष्ण आणि अन्नपूर्णा आम्ही देवळाच्या कट्ट्यावर मांडून ठेवली, ज्याचे त्यानं न्यावेत म्हणून. दिवसभर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी हात जोडले, "कोणाचे बाप्पा, काय लोक असतात!" म्हणून हळहळले, आणि कुणी ओळख दिली नाही. दुपारी कडक उन्हात रस्ता रिकामा झाला. चारच्या सुमारास पाहिलं, तर कट्ट्यावर काही नव्हतं. आणि नळी? ती कंपाउंडरनं बावडीतून काढली, उकळली, आणि दवाखान्यात तिच्या खिळ्याला परत लावून टाकली. मी त्यानंतर त्या दवाखान्याच्या रस्त्यानंही गेलो नाही. पोट दुखलं तर ओवा खाल्ला.

दसऱ्याला मी भटजीकडे गेलो. आत्या देव्हाऱ्यासमोर वाकून नमस्कार करत होती. झिजलेल्या टाकामागे काहीतरी उभं केलेलं दिसलं. निरखून पाहिलं, तर ते कार्ड. वहिनीनं ठेवलेलं. बक्षीस मिळालेल्या अक्षरात, 'मुलीस घेऊन जाणे'. नऊ दिवस भटजी त्याच्यासमोर बसून देवीचं नाक, डोळे, ओठ सांगत होता, आणि ते काढ म्हणायची छाती ना त्याची झाली होती, ना आत्याची.

वहिनी पळीनं तीर्थ द्यायला आली. मी हात पुढे केला आणि जरा थबकलो.

"घ्या," ती म्हणाली. "पंचामृत आहे, गव्य नाही."

मी तरी आधी वास घेतला.